उष्णोदकाची शिळा

हात लावा, चालेल. कोमट लागेल, आताच कुणीतरी पाणी ओतून गेलंय. आमच्या तळकुसूरच्या या शिळेला नारळ नाही, फूल नाही, शेंदूर नाही. फक्त तांब्याभर ऊन पाणी. मी इथला गुरव. आज्यानं मला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. फोटो मागाहून काढा.

फार पूर्वी या शिळेमागे माधवभट वैद्य राहत, असे सांगतात. आयुर्वेदाच्या संहिता त्यांना मुखोद्गत होत्या. विद्या देताना गुरूंनी त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, की शास्त्राचा शब्द संस्कृतातच उच्चारायचा, त्याचा अर्थ लोकांच्या बोलीत फोडायचा नाही. ज्या शब्दाचा अर्थ फोडशील, तो शब्द तुला सोडून जाईल. गुरूंनी असं का बांधून घ्यावं? मला विचाराल तर हा निव्वळ आडमुठेपणा. पण वैद्य ते वचन जिवापाड जपत आणि लांबून आलेली माणसं त्यांच्या पुड्यांनी बरी होत.

एका वर्षी खोऱ्यात तापाची साथ आली. खालच्या वाडीतली सगुणा नवऱ्यासाठी औषध न्यायला आली. वैद्यांनी पुडी दिली आणि म्हणाले, "ज्वर उतरेपर्यंत लंघन. पानार्थ उष्णोदक." सगुणेनं हात जोडले, शब्द पाठ केले आणि ती उतार उतरून गेली.

काही दिवसांनी ती पांढऱ्या कपाळानं परत आली. भांडायला आली नव्हती.

"म्हाराज, माजा मंतर कुटं चुकला?" तिनं विचारलं. "उशाशी बसून रोज म्हनत व्हते. ज्वर उतरेपर्यंत लंघन, पानार्थ उष्णोदक. येक अक्षर सांडू दिलं न्हाई. अंगात बळ यावं म्हून तूपभात बी भरवला, पोटभर."

लंघन म्हणजे उपाशी ठेवणं, पानार्थ उष्णोदक म्हणजे प्यायला साधं ऊन पाणी. एवढंच सांगायचं होतं हो! वचनापायी ते सांगितलं नाही आणि माणूस गेला.

वाड्यांमध्ये ताप होताच. वैद्यांनी सगळ्या खोऱ्याला इथं बोलावलं, या शिळेवर बसले आणि एकेक शब्द फोडून सांगू लागले. दीपन म्हणजे पोटातला मंदावलेला अग्नी जागा करणं. अनुपान म्हणजे औषध ज्याच्यासोबत घ्यायचं ते, मध म्हणा, ताक म्हणा. लोकांना उमगत गेलं, आणि सांगून झालेला शब्द म्हणे वैद्यांच्या मनातून तिथल्या तिथे पुसला जाई. त्यांना ते कळत होतं, तरी ते थांबले नाहीत. दिवस मावळताना उठले तेव्हा त्यांच्यापाशी शास्त्राचा एकही शब्द उरला नव्हता.

साथ ओसरली, पण जाता जाता तापानं वैद्यांनाच धरलं. घरात औषधांचे डबे भरलेले, आणि त्यांना एकही ओळखू येईना. सगुणेला कळलं तशी ती आली. तिनं चूल पेटवून पाणी तापवलं. वैद्य जेवायला मागू लागले.

"न्हाई म्हाराज," ती म्हणाली. "ह्ये लंघन हाय. उपाशी ऱ्हायाचं. तुमीच सांगितलंत न्हवं?"

"लंघन," वैद्य पहिल्यांदाच ऐकल्यासारखे म्हणाले, आणि तिच्या हातून घोटघोट पाणी प्याले. ते बरे झाले. शब्द मात्र परत आले नाहीत. उरलेला जन्म खोऱ्यातली माणसंच त्यांना ते शब्द समजावून सांगत राहिली, आणि सकाळी ते पुन्हा विचारत.

आजही आमच्या खोऱ्यात औषध कसं घ्यायचं, ते रोग्यानं आपल्या बोलीत सांगितल्याशिवाय वैद्य पुडी देत नाही. नुसती मान डोलावली तर पुडी मुठीतच राहते. आणि नवा वैद्य गावात आला, की त्याला आधी इथं आणतात. सगुणेच्या घरातली थोरली बाई ऊन पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर धरते आणि विचारते, "ह्ये काय?"

"उष्णोदक," तो म्हणतो.

बाई तांब्या आणखी पुढे करते आणि पुन्हा विचारते, "ह्ये काय?"

"ऊन पाणी, आई," तो म्हणतो. मग ती अर्धा तांब्या शिळेवर ओतते आणि उरलेलं त्याला प्यायला देते.