दुसऱ्या ताटाची गोष्ट

"...पण बाबा, चोराला चारचौघांत चोर म्हणायचं की नाही?"

भास्कर खोडके मठाच्या पायरीवर उभा राहून विचारत होता. वर यायचंही त्याला सुचलं नव्हतं.

अच्युतबाबा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते.

"काय चोरलं?"

"गोष्ट. माझी."

लहानपणी भास्कर याच ओसरीवर बाबांपाशी वाचायला शिकला. आता तो नावाजलेला कथालेखक होता. समोरच्या शाळेच्या पटांगणात विभागीय साहित्य संमेलन भरलं होतं आणि कालपासून त्याला एकच वाटत होतं. हे सगळं ठरवून चाललंय.

पत्रिकेत त्याचं आडनाव 'खडके' छापलेलं. त्याचं कथाकथन जेवणानंतर, लोक पेंगतात तेव्हा. अध्यक्ष त्याच्याशी बोलताना दुसरीकडेच बघत होते.

"आणि आज सकाळी त्या देवानंद वाघाडेनं माझी गोष्ट वाचली. नवरा घर सोडून गेलाय, बाई रोज त्याचं ताट वाढते... ती. दोन वर्षांपूर्वी मी वाचली, तेव्हा हा पहिल्या रांगेत होता."

"जशीच्या तशी?"

"छे. हुशार आहे तो. गाव बदललं, बाईचं नाव बदललं. ताट तेच ठेवलं. आज समारोपात मी उठणार. सगळ्यांसमोर सांगणार."

"त्याला विचारलंस?"

"तो कबूल करेल?"

"विचारून ये."

भास्कर गेला. तासाभरानं परतला, तो वर येऊन बसला.

"काय म्हणाला?"

"म्हणतो, तुमच्याच गोष्टीवरून सुचलं. ती ऐकून घरी गेलो आणि आई दोन ताटं का घेते, ते पहिल्यांदा ध्यानात आलं. वाचायच्या आधी तुमचं नाव घेतलं, म्हणतो."

"घेतलं होतं?"

भास्कर जरा अडखळला. "मी तेव्हा मंडपात पोचलो नव्हतो. कार्यालयात भांडत होतो, आडनावावरून..."

"मग इतरांना विचार."

"विचारलं तिघांना. घेतलं होतं म्हणतात. पण ती त्याच्याच तालुक्यातली माणसं, बाबा. काय भरवसा?"

बाबांनी शेंगांची टोपली त्याच्याकडे सरकवली. दोघं सोलू लागले.

"तुझ्या गोष्टीतली बाई कोण?" बाबांनी विचारलं.

"कोणी नाही. एसटीत पुढच्या सीटवर दोघी बोलत होत्या. कानावर पडलं."

"त्यांचं नाव घेतोस?"

"त्यांची नावं कुठं ठाऊक आहेत मला..."

भास्करच्या हातातली शेंग तशीच राहिली.

पटांगणातल्या कर्ण्यावरून आवाज आला. समारोपाला सुरुवात होत होती. सर्वांनी मंडपात यावं, अशी विनंती होती.

भास्कर उठला. कपडे झटकले. दोन पायऱ्या उतरून थांबला.

"ठीक आहे. नाही बोलत मी काही. गोष्ट सोडली. पण बाबा, एक राहतंच. वाचताना तो मध्येच थांबला. बाई ताट झाकून ठेवते, तिथं. चष्मा काढून डोळे पुसले. अख्खा मंडप गप्प. मी ती गोष्ट वीसेक ठिकाणी वाचली असेल, कधी अडखळलो नाही. तेव्हा ते रडणं काही खरं नाही. कुठून तरी उचललेलंच."

बाबा शेंगा सोलत राहिले.

"सांगा ना. कोणाकडून उचललं असेल?"

बाबांनी वर पाहिलं.

"तुझ्याकडून नाही."