कळसापाशी एक फिका तारा

एका राज्यात अशी रीत होती की, लग्नाच्या रात्री वराने वधूला ध्रुव दाखवावा. राजा धवलकेतूने राणी पद्मलेखेला अंगणात नेले आणि न शोधताच आभाळातल्या सर्वांत झगझगीत ताऱ्याकडे बोट केले. "राजाने दाखवायचा तारा असाच असणार," तो हसून म्हणाला.

वऱ्हाडात वृद्ध मांत्रिक भृंगक बसला होता. तो म्हणाला, "जो अढळाला ओळखत नाही, त्याची वाट अढळ राहणार नाही." त्याच क्षणी राजा दूरच्या माळरानात जाऊन पडला. कुठेही निघाला तरी वाट गोल फिरून त्याला मागे आणी.

राणीने विचारले, "उःशाप?"

"खरा ध्रुव तू दाखव. तीनदा बोट उचलता येईल. चुकशील तर तुझेही काही जाईल. तिसऱ्यांदा चुकलीस, तर तू त्याला विसरशील."

राणीने आधी माथ्यावरचा तारा दाखवला. राजाची जागा सर्वांत उंच, म्हणून. पहाटेआधी तो पश्चिमेला कलंडला, आणि महालात कुणाला तिचे नाव आठवेना. मग प्रधानाने सुचवलेला तांबडा तारा दाखवला. तोही मावळला, आणि तिची सावली गेली. दासी तिच्या दाराशी दिवा न ठेवताच पुढे जाऊ लागल्या. राजाचा चेहरा तेवढा तिच्यापाशी उरला होता.

रोज रात्री ती गच्चीवर एकटी बसे. एकदा कठड्यावरची टिटवी म्हणाली, "बाई, मान अवघडेल."

"माझ्याशी कुणीतरी बोललं."

"मी रोजच बोलते. लोक ऐकतात आणि दारं लावून घेतात. ते सप्तर्षी बघ, पतंग आणि त्याची शेपटी. शेपटीपासून दूरच्या दोन ताऱ्यांतून रेघ ओढ, तशीच उत्तरेला ने."

रेघ देवळाच्या कळसापाशी एका फिक्या ताऱ्यावर थांबली.

"हा? हा तर विझत आलेला दिवा."

"मी काय जामीन राहू? बसून पाहा."

राणी गच्चीच्या खांबाला डोके टेकून बसली, हलली नाही. सप्तर्षी वळत वळत पश्चिमेला उतरले. दुसऱ्या बाजूने शर्मिष्ठेचे पाच तारे वर आले. सगळे सोबतीने चालले होते. तो एकटा कळसापाशी तसाच उभा होता. याच्याकडेही कुणी पाहत नसेल, असे तिला वाटले, आणि तिने बोट उचलले.

दूर माळरानात वाट सरळ झाली. तो तारा समोर ठेवून राजा रात्रीमागून रात्र चालत आला. वेशीवरून पहारेकरी ओरडला, "राणी पद्मलेखा, महाराज आले." मशालीच्या उजेडात धावत गेलेल्या राणीची सावली राजाच्या सावलीशेजारी पडली.

राजाने वर पाहिले. "रोज रात्री समोर होता, तो हाच ध्रुव? इतका फिका?"

"फिका आहे. पण जागा सोडत नाही."



त्या राज्यात आता वधूवर लग्नाची रात्र खांबाला टेकून जागवतात, पहाटे बोट उचलतात. आणि टिटवी ओरडली, तर कुणी दार लावत नाही.