कावळे, बगळे आणि कातिणीचं जाळं

त्या वनात निम्म्या फांद्यांवर कावळ्यांची सत्ता होती आणि निम्म्यांवर बगळ्यांची. दर वसंतात फांदीवरची लहानसहान बिऱ्हाडं ढोलीत काळं नाहीतर पांढरं बी टाकून कौल देत, आणि ज्याच्या रंगाच्या बिया जास्त, तो वर्षभर त्या फांदीच्या शेंड्यावर बसे.

कातीण बिचारी जाळं विणून पोट भरणारी. तिच्या फांदीवरचा कावळा रोज तिचं जाळं फाडायचा आणि वर तिलाच दम द्यायचा. त्या वसंतात तिने कंबर कसली. मुंग्यांची मनधरणी केली, खारबाईला पटवलं, आणि काय सांगावं, ढोली पांढऱ्या बियांनी भरली! कावळा उडाला, बगळा बसला. कातिणीला आभाळ ठेंगणं झालं.

तेवढ्यात कावळ्या-बगळ्यांच्या नायकांची दवंडी पिटत सरडा आला.

"ऐका हो ऐका! गेल्या साली निम्मे कावळे, निम्मे बगळे. यंदाही तेच. म्हणजे वन सुखी आहे, बदल कुणालाच नको. मग बी टाकायचे कष्ट तरी कशाला? दिवस मावळला की ढोल्या कायमच्या लिंपून टाकू!"

खारबाईचं तोंड उतरलं. "बघ, आपण एकटेच निघालो. ये रे माझ्या मागल्या!"

"थांब गं," कातीण म्हणाली. "आपल्याकडे बगळा वाढला ना? मग बगळ्यांची बेरीज का वाढली नाही? कुठेतरी पाणी मुरतंय."

समोरासमोरच्या दोन झाडांमध्ये तिने जाळं मांडलं. डाव्या खोडावर गेल्या सालची आसनं: वर कावळ्यांची, खाली बगळ्यांची. उजव्या खोडावर यंदाची, त्याच क्रमाने. प्रत्येक फांदीचा एक धागा, गेल्या सालच्या जागेवरून यंदाच्या जागेवर. तिचा स्वतःचा धागा वरून खाली तिरपा उतरला.

"बाकीचे सरळच जाणार," खारबाई पुटपुटली. पण एकेका धाग्याचं उरलेलं मोकळं टोक घेऊन ती फांद्या-फांद्यांवर धावली, ते तिथे बांधून तिथूनच ओरडू लागली.

"चिंचेची! गेल्या साली बगळा, आता कावळा!"

धागा खालून वर चढला.

"जांभळीची! कावळा होता, बगळा आला! अगं बाई, इथेही!"

कातीण भराभर धागे मांडत गेली. वरचे खाली, खालचे वर! एखादा चुकार धागा सरळ गेला, बाकी सगळे एकमेकांना कापत निघाले. दोन्ही खोडांजवळ निम्मे वर, निम्मे खाली, असं जिथलं तिथे दिसत होतं आणि मधे नुसता गदारोळ उडाला होता.

दिवस कलला तशी बिऱ्हाडं गोळा झाली. जो तो आपला धागा शोधू लागला.

"हा आमचा!" चिंचेवरचा डोंगळा ओरडला. "आणि हा दुसरा तिरपा कुणाचा?"

"आमचा!" जांभळीवरची मुंगी म्हणाली. "आम्हाला वाटलं, आम्हीच तेवढे वेडे!"

"आम्हालाही!" चहूकडून आवाज उठले.

लिंपायची माती घेऊन आलेल्या सरड्याला कोणता रंग घ्यावा तेच उमजेना. डोंगळ्याने हर्षाच्या भरात आपला धागा ओढला. एक हलला तसे सगळे हलले, आणि वनातल्या झाडून साऱ्या फांद्या गदागदा डोलू लागल्या. वरच्या शेंड्यांवरून कावळ्यांचा नायक आणि बगळ्यांचा नायक एकदमच निसटले, आणि मधल्या एका वठलेल्या खुंटावर, डोळे घट्ट मिटून, एकमेकांना बिलगून बसले.