मंगळवारची म्हातारी

फार जुनी गोष्ट नाही. पण खुर्चीला विचाराल, तर ती शंभर वर्षांपूर्वीची सांगेल.

रघुवीर मिस्त्रींनी ती मंगळवारी केली. बुधवारी जुनी दिसावी म्हणून तिला साखळीने बडवलं, खिळ्याने भोकं पाडली आणि कोपऱ्याकोपऱ्यांत काळपट पॉलिश चोळलं. गुरुवारी ती जुन्या सामानाच्या दुकानात आली तीच खोकत.

शेजारी एक खराखुरा म्हातारा चौरंग होता. "काय रे बाळ," खुर्ची त्याला म्हणाली, "नवीन दिसतोस. मी शंभरी गाठलेली. किती पावसाळे पाहिले, विचारू नकोस!"

चौरंगाने विचारलंच नाही. पण त्याच्या पायात पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाड करून राहिलेल्या भुंग्याने कान टवकारले. "शंभर वर्षांचं मुरलेलं लाकूड? आणि एवढ्या खोल्या रिकाम्या? मंडळी, सामान बांधा!"

बायको, सासू आणि अठ्ठावीस पोरं घेऊन भुंगा खुर्चीपाशी हजर झाला. खुर्ची खोकणं विसरून ओरडली,

"अहो, थांबा! मी म्हातारी नाही हो! मंगळवारची आहे!"

"मग ही भोकं?"

"खिळ्याची!"

भुंग्याने एका भोकात डोकं घातलं आणि लगेच कपाळ आपटलं. "ना ओसरी, ना माजघर! नुसतं दार करून ठेवलंय," असं पुटपुटत तो सगळी वरात घेऊन माघारी फिरला.

खुर्ची मान खाली घालून उभी राहिली. आता अख्खं दुकान हसणार, असं तिला वाटलं.

चौरंगाने बिऱ्हाड मुकाट्याने पुन्हा आपल्या पायात घेतलं आणि तो हळूच म्हणाला, "होशील हो म्हातारी, बाळ. एवढी घाई कसली?"