शेवटचा पीळ

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. तेव्हा राजेही होते आणि त्यांच्या मोटारीही म्हाताऱ्या झाल्या होत्या.

एका डोंगरावरच्या राजाच्या पदरी एक वयस्कर मिस्त्री होता. मिस्त्रीचा एकुलता एक मुलगा राजाची मोटार चालवायचा. मोटार होती राजाच्या आजोबांच्या वेळची. तिच्या स्टिअरिंगचं लाकूड इतकं तडकलं होतं की मुलाचे तळहात सोलून निघत. बापाला ते बघवेना. त्याने महिनाभर खपून शिसवी लाकडाचं नवं स्टिअरिंग घडवलं आणि मुलाच्या पकडीचं माप घेऊन ते गुळगुळीत घासलं.

जुनं काढायच्या दिवशी त्याने जराही घाई केली नाही. आधी मोटारीची पुढची चाकं सरळ केली. स्टिअरिंग ज्यावर बसतं त्या दांड्यावर कानशीने बारीक खूण केली. मधला नट सैल केला, पण दोन आट्यांवर तसाच राहू दिला, कारण पूर्ण काढला तर ओढताना स्टिअरिंग निसटून थेट छातीवर बसतं. हातोडा कुठेही न मारता जुनं ओढून सैल केलं, मग नट काढून ते उतरवलं. नवं स्टिअरिंग बरोबर खुणेवर बसवलं. राहिला फक्त नट आवळायचा.

आणि इथे त्या राज्याची रीत आडवी आली. राजाची वस्तू पाळणा असो की तोफ, तिला शेवटचा पीळ राजानेच द्यायचा. त्यानंतर सूर्य मावळेपर्यंत दुसऱ्या कुणी तिथे हत्यार लावायचं नाही. लावलं, तर राजाच्या हातात बळ नाही असा त्याचा अर्थ व्हायचा. आजवर हे निभावून गेलं, कारण आधीचे राजे दंडाने दणकट होते. हा राजा स्वभावाने गरीब होता, आणि त्याने उभ्या जन्मात पाना धरला नव्हता.

पूजा झाली. राजाने पान्याला हळदकुंकू वाहिलं, पाना नटाला लावला, जरासा ढकलला आणि हसत बाजूला झाला. लोकांनी जयजयकार केला. नट घट्ट बसला की जी करकर होते ती काही मिस्त्रीच्या कानांवर आली नाही. नट सैल होता, हे त्याला हात न लावताच कळलं.

त्याने बोलायला तोंड उघडलं. समोर सरदार होते, पुरोहित होते, राजाचा खुललेला चेहरा होता. चारचौघांत राजाचा हात उणा कसा म्हणायचा? तो गप्प बसला. दिवस मावळला की आवळू, तेवढ्यात काय होतंय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

पण राजमातेला पायथ्याच्या गावातून आणायचं होतं. मुलगा मोटारीत बसला. नव्या स्टिअरिंगवरून त्याने हात फिरवला आणि विचारलं, "आबा, पक्कं बसलंय ना?"

"सरकारांचा हात लागलाय त्याला," म्हातारा म्हणाला.

मुलगा निश्चिंत झाला आणि निघाला. उताराच्या दुसऱ्या वळणावर स्टिअरिंग दांड्यावरून सुटून त्याच्या हातात आलं.

लोकांनी त्याला दरीतून वर आणलं, तेव्हा त्याच्या मुठी त्या शिसवी लाकडावर तशाच आवळलेल्या होत्या. बापाला त्या सोडवता येईनात.

राजा अनवाणी धावत आला आणि धुळीतच बसला. मिस्त्रीने त्याला सगळं सांगून टाकलं. आता कसली भीती उरली होती?

राजा रडत म्हणाला, "मिस्त्री, मला त्यातलं काय कळतंय? तुम्ही नुसतं म्हणाला असता, तर मी पाना पुन्हा हातात घेतला असता."

हे ऐकलं आणि म्हातारा पार मोडून पडला. राजा तापट असता, दुष्ट असता, तर दोष द्यायला निदान कुणीतरी मिळालं असतं. आता तेवढाही आधार राहिला नाही. राजाने ती रीत त्याच दिवशी बंद केली. मिस्त्री पुढे पुष्कळ वर्षं जगला, आणि राजाच्या त्या एका वाक्यासकट जगला.

म्हणून लहानथोरांनो, धोका दिसत असताना कुणाचा मान राखायला गप्प बसू नका. त्या गप्प बसण्यात आपलंच माणूस जातं.