धाऊची भिंत डोंगरावर फुलली

एका डोंगरवाडीत धाऊ नावाचा एक मोठा घायकुता माणूस राहत होता. चुलीवर भात रटरटत असतानाच हा ताट घेऊन बसायचा. वाडीतली सगळी घरं कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि वरून शेणमातीने लिंपायच्या, की झाली भिंत. कारवी हे तिथलं रानझुडूप. सात वर्षं नुसतं पानांवर राहतं, मग एका पावसाळ्यात सगळा डोंगर एकदम जांभळा करतं, बी टाकतं आणि मरून जातं. म्हणून वाडीचा नेम होता, की फुलोऱ्याच्या वर्षी बोंडं तडतडून बी पडेपर्यंत कारवीला कोयता लावायचा नाही.

नेमकी त्याच वर्षी, भर श्रावणात, धाऊच्या घराची एक भिंत बसली. घरात बायको सगुणा आणि नऊ दिवसांची लेक. बारसं तीन दिवसांवर आलेलं आणि पाऊस थेट पाळण्यापर्यंत येत होता.

सगुणेचा भाऊ भाचीला बघायला आला होता. तो म्हणाला, "दाजी, एका भाऱ्यानं डोंगर बोडका होतो का? कापा की."

धाऊला ते पटलं. पटायला त्याला कधीच वेळ लागत नसे. कमरेला कोयता अडकवून तो डोंगर चढला.

वर पहिली फुलं उघडत होती. मधमाश्यांना तर त्याच्याकडे बघायलाही सवड नव्हती. धाऊने एक झुडूप वाकवलं, कोयता उचलला, आणि त्याला लेक आठवली. 'पुढच्या फुलोऱ्याला ती सात वर्षांची असेल. आज मी भारा नेला, उद्या दुसऱ्याने नेला, तर तिला दाखवू काय?' त्याने झुडूप सोडून दिलं.

रिकाम्या हाताने आलेल्या धाऊला सगुणेने विचारलं, "भिंत कुठंय?"

"डोंगरावर फुललीय," धाऊ खाली मान घालून म्हणाला.

सगुणा आधी रागाने बघत राहिली, मग हसली. "बरं, मग पाळणा तेवढा आत सरकवा."

शेजारच्या चांगुणाआजीने हे ऐकलं. थोड्या वेळाने ती आपल्याच भिंतीतल्या दहा काठ्या उपसून घेऊन आली. "माझ्या घरात जरा वारा येईल, दुसरं काय," ती म्हणाली. तिच्यामागून घराघरातून काठ्या आल्या. कुणाच्या धुराने काळ्या, कुणाच्या वाळवीने कुरतडलेल्या. दिवेलागणीपर्यंत भिंत उभी राहिली. लिंपायला कोपरापर्यंत शेणात हात घालून मेहुणाच सगळ्यांत पुढे होता.

बारसं कोरड्या घरात झालं. लेकीचं नाव फुला ठेवलं. त्या वर्षी वाडीतल्या प्रत्येक भिंतीला वीतभर फट होती, आणि प्रत्येक फटीतून जांभळा डोंगर दिसत होता.

सात वर्षांनी फुला त्याच उतारावर, डोक्याहून उंच फुललेल्या कारवीत दिसेनाशी झाली. धाऊ तिला हाका मारत हिंडला. त्या दिवशी त्याला घरी परतायची मुळीच घाई नव्हती.

तात्पर्य: जो सगळ्यांचं राखतो, त्याची पडलेली भिंत सगळे मिळून उभी करतात.