एकवीस हातांची काठी

एका राज्यात, जिथे माणसाचा मान त्याच्या हातातल्या काठीवरून ठरत असे, उत्तुंगसेन नावाचा राजा राज्य करीत होता. राजाची काठी एकवीस हात, प्रधानाची पंधरा, सेनापतीची सात आणि उरलेल्या प्रजेची तीन हात, असा तिथला कायदा. गुराखी असो, वाटसरू असो की मासे धरणारा भोई असो, त्याची काठी तीन हातांहून एक बोट वाढली की शिपाई करवत घेऊन दारात उभा. राजाची काठी उचलायला चार सेवक लागत आणि दरबारात वळताना ती महिन्याला एखादे झुंबर फोडी. पण मान म्हटला की झुंबरांचा हिशेब कोण ठेवतो!

एके दिवशी तमालक नावाचा जादूगार त्या दरबारात आला. त्याच्या हातात चार हातांचा दंड होता. तो दंड आपटून तो सापांना वाट सोडायला सांगे, आणि साप वाट सोडीत. प्रधानाने पुढे होऊन दंड मोजला.

"एक हात जास्त आहे," प्रधान म्हणाला.

"मला लागतो तेवढा आहे," तमालक म्हणाला.

राजाने करवत मागवली आणि स्वतःच्या हाताने दंडाचा हातभर तुकडा कापून टाकला. दरबार हसला. तमालकाने आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत. त्याने तो तुकडा उचलला आणि खिडकीतून खालच्या तळ्यात भिरकावला. पाण्याला शिवताच तुकड्याची मरळ मासळी झाली, काळी, चपट्या डोक्याची, दातेरी जबड्याची. राजाची एकुलती एक लेक इंदुलेखा तेव्हा घाटाच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसली होती. मरळीने तिचे पाण्यातले प्रतिबिंब गिळले आणि मरळ काठालगतच्या पाणवेलींत शिरली.

"राजा, ऐक," तमालक म्हणाला. "मरळ रोज एक अंगुळ वाढेल आणि तुझी लेक रोज एक अंगुळ घटेल. जाळं त्या मरळीला धरणार नाही, भाला लागणार नाही. काठीने गळ टाक आणि तिला जिवंत काठावर आण. तीनदा गळ टाकता येईल. तिन्ही वेळा चुकलास, तर ती तळाशी जाईल आणि मग कोणाच्याच हाती लागणार नाही."

एवढे बोलून तो निघून गेला. इंदुलेखेची उंची ऐंशी अंगुळे होती. म्हणजे दिवस ऐंशी.

राजाने पहिला गळ स्वतः टाकायचे ठरवले. आता हे काम दुसऱ्या दिवशीही झाले असते; परंतु एकवीस हातांच्या काठीला सोन्याचा पत्रा चढवायचा होता, रेशमी दोर वळायचा होता आणि ज्योतिषांना मुहूर्त काढायचा होता. ज्योतिषी दोघे होते, त्यामुळे मुहूर्तही दोन निघाले. या सगळ्यात तीस दिवस गेले. इंदुलेखा पन्नास अंगुळांची झाली आणि तिचे परकर पाच वर्षांच्या मुलीच्या मापाने शिवले जाऊ लागले.

मग राजा होडीत बसून तळ्याच्या मध्यावर गेला. गळाला बेडूक लावला होता. चार सेवकांनी काठी पेलली, मरळीने बेडूक धरला, तळे ढवळून निघाले. राजाने ओढून ओढून मरळ होडीच्या कडेला आणली. पण काठीचे टोक राहिले पार लांब, एकवीस हातांवर, आणि दोर त्या टोकाला. मरळ राजाच्या गुडघ्याशी फडफडत होती, तरी तिला हात लावायचा तर काठी सोडावी लागे, आणि काठी धरायची तर मरळ सोडावी लागे. राजाने काठी सोडली नाही. मरळीने होडीखालून उसळी घेतली, होडी उलटली, दोर तुटला. राजाला चार सेवकांनी पागोट्याला धरून बाहेर काढले.

दुसरा गळ सेनापती दुर्जयाने टाकला. त्याने तीस दिवस सराव केला, कारण सेनापतीने सरावाशिवाय काही करू नये असा नियम. सराव राजवाड्याच्या हौदात झाला. हौदात वेली नव्हत्या आणि मरळही नव्हती, त्यामुळे सराव उत्तम झाला. साठाव्या दिवशी तो सात हातांची काठी घेऊन काठावर उभा राहिला. काठाशी चिखल होता. चिखलात उतरणे सेनापतीला शोभेना, म्हणून तो कोरड्यावर थांबला. चिखलापलीकडे वेलींचा दाट पट्टा, त्यापलीकडे पाणी. काठीचे टोक जेमतेम वेलींच्या पलीकडच्या कडेला पोहोचले. मरळीने बेडूक धरला आणि वळून सरळ वेलीत घुसली. दोर देठादेठांना गुंडाळला गेला. सेनापतीने जोर लावला तेव्हा टोपलीभर वेली बाहेर आल्या. मरळ आली नाही.

इंदुलेखा आता वीस अंगुळांची होती. ती उशीवर झोपे आणि वाटीतून दूध पिताना वाटीत पडू नये म्हणून दासी तिला धरून बसे. राजाला जेवण जाईना. तो तळ्याकाठच्या जांभळीखाली जाऊन बसू लागला. असे आठ दिवस गेले. कोणी तिसरा गळ टाकायला पुढे येईना, आणि कोणाला सांगायची राजाची छाती होईना.

त्या जांभळीवर एक खंड्या राहत होता. तो निळा पक्षी माणसाची भाषा बोले, पण कोणी विचारल्याशिवाय बोलत नसे. अडुसष्टाव्या दिवशी राजाने मान वर करून विचारले, "पाखरा, तू रोज मासे धरतोस. तुझा नेम चुकत नाही. कसा?"

"माझी फांदी पाण्यापासून चार हातांवर आहे," खंड्या म्हणाला. "पावसाळ्यात पाणी चढलं की मी वरच्या फांदीवर बसतो. उन्हाळ्यात खालच्या. फांदी मी पाणी बघून धरतो, महाराज. माझा मान बघून नाही."

"मग माझ्यासाठी काय उपाय?"

"भोयांच्या वस्तीत भिवरा नावाची बाई आहे. तिला बोलवा. आणि दोन मासे माझ्यासाठी पाठवा, फुकटचा सल्ला मी देत नाही."

भिवरा आली. चाळिशीची, काटक, हातांना माशांचा वास. तिच्या बापाच्या हातात एकदा पाच हातांची काठी सापडली होती म्हणून शिपायांनी त्याची होडी फोडली होती. तेव्हापासून भोयांच्या चुलीवर बोटाएवढ्या मासळीवाचून काही शिजले नव्हते. ती दरबारात रिकाम्या हातांनी उभी राहिली.

"काठी कुठे आहे?" प्रधानाने विचारले.

"काठी घरी तोडत नाहीत, जी. पाण्यावर तोडतात. घरी तोडलेली काठी आमच्यात चुलीत घालतात."

"मग किती हातांची लागेल?"

"पाणी बघू द्या."

ती तळ्यावर गेली. राजा, प्रधान आणि सगळा दरबार मागोमाग गेला. एका दासीच्या ओंजळीत रुमालात गुंडाळलेली इंदुलेखा होती, बारा अंगुळांची, एका वितीएवढी. भिवरा काठावर उकिडवी बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. प्रधान चुळबुळ करू लागला. एवढ्यात वेलींच्या पलीकडच्या कडेला पाणी हलले, काळे डोके वर आले, हवेचा घोट घेऊन खाली गेले.

"मरळ पाण्यात राहते, पण श्वासाला वर येते," भिवरा म्हणाली. "तिची जागा ती. आता मोजा. दोन हात चिखल, पाच हात वेल, वेलीपल्याड दोन हात मोकळं पाणी. टोक तिच्या डोक्यावर यायला हवं, म्हणजे तिला वेलीवरून उचलता येईल, वेलीतून ओढावी लागणार नाही. नऊ हात काठी लागेल."

"चिखलात उतरून सात हातांनी भागणार नाही का?" राजाने विचारले.

"चिखलात पाय पडला की तिला तळापर्यंत कळतं."

"होडीतून?"

"होडीतून पाच हात बास झाली असती. पण होडीची सावली तिने एकदा पाहिली, आता ती होडीखाली येणार नाही. तो गळ वाया गेला, महाराज."

प्रधानाने पोथी उघडली. पोथी चाळून तो गंभीर झाला. "नऊ हातांचा दर्जाच नाही," तो म्हणाला. "तीन आहे, सात आहे, पंधरा आहे, एकवीस आहे. महाराजांची आज्ञा झाली तर बाईला एका दिवसापुरते प्रधान करता येईल. माझा मान जाईल, पण हरकत नाही. पंधरा हात घे."

"पंधरा हात जांभळीच्या फांद्यांत अडकेल, जी. आणि टोक जड होईल. मरळ धरून सोडेल तोवर माझा झटका पोहोचणार नाही."

"मग सात घे."

"सात तुम्ही पाहिलीच."

"बाई, नऊ हा आकडा पोथीत नाही!"

"तळ्यात आहे," भिवरा म्हणाली.

वाद वाढला. सावल्या लांबल्या. तेव्हा रुमालातून एक बारीक आवाज आला, इतका बारीक की सगळ्यांना गप्प व्हावे लागले.

"तात," इंदुलेखा म्हणाली, "मी बारा अंगुळांची झाले. माझा दर्जा पोथीत कोणता आहे?"

राजाला रडू आले. दरबारासमोर, सेवकांसमोर, तो हमसून हमसून रडला. बारा दिवसांनी आपली लेक नाहीशी होणार आणि आपण आकडे घोकत बसलो आहोत, याची त्याला लाज वाटली. त्याने डोळे पुसले आणि चार सेवकांना हाक मारली.

"माझी काठी आणा. पत्रा सोला. करवत द्या."

पत्र्याखाली कळकाचा बांबू होता, पिकलेला, सरळ, राज्यात असा दुसरा नव्हता. "भिवरा, कुठून कापू?" राजाने विचारले.

"शेंड्याचे चार हात काढा, तो भाग लवचीक, मरळीपुढे टिकणार नाही. बुंध्याचे आठ काढा, तो भाग मनगट मोडेल. मधले नऊ मला द्या."

राजाने स्वतःच्या हाताने कापले. त्याला कापण्याची सवय होती, पण आजवर त्याने दुसऱ्यांच्याच काठ्या कापल्या होत्या. त्याच्या तळहाताला फोड आले. भिवराने नऊ हात काठी हातात तोलून पाहिली, दोर बांधला, गळाला बेडूक लावला आणि सगळ्यांना दहा पावले मागे सरकायला सांगितले. राजाही सरकला.

तिसरा गळ पडला. बेडूक वेलींच्या पलीकडे, मोकळ्या पाण्यावर टपकन बसला. भिवराने तो दोनदा हलवला आणि थांबली. काळे डोके श्वासाला वर आले. पाणी फाटले. मरळीने बेडूक धरला आणि सवयीप्रमाणे वेलीकडे वळली, पण काठीचे टोक तिच्या थेट डोक्यावर होते. भिवराने टोक उचलले. काठी वाकली, करकरली, मोडली नाही. अडुसष्ट अंगुळे वाढलेली मरळ वेलींवरून घसटत, चिखलावरून सरकत, काठावर आली. भिवराने काठी टाकली आणि तिच्या कल्ल्यांमागे दोन्ही हात आवळले.

मरळीने तोंड उघडले. तिच्या तोंडातून एका मुलीचे प्रतिबिंब बाहेर आले आणि पाण्यावर जाऊन पसरले. भिवराच्या हातात हातभर लाकूड उरले.

राजाने रुमाल आपल्या हातांत घेतला होता. इंदुलेखा वाढू लागली. वीस अंगुळे, तीस, पन्नास. साठ अंगुळांपर्यंत राजाने तिला उचलून धरले, मग हात भरून आले म्हणून खाली ठेवले. उरलेली वीस ती आपल्या पायांवर उभी राहून वाढली.

जांभळीमागून तमालक पुढे आला. कोणी दचकले नाही. तो येणार हे जणू ठरलेलेच होते.

"काठी कोणी कापली?" त्याने विचारले.

"मी," राजा म्हणाला. "माझी, माझ्या हाताने."

"एवढंच हवं होतं." तमालकाने लाकडाचा तुकडा आपल्या दंडाला जोडला. दंड पुन्हा चार हातांचा झाला. तो काठावर आपटून त्याने वाट धरली आणि गवतातल्या सापांनी वाट दिली.

त्या दिवसापासून काठीचा कायदा उठला. करवती सुतारांकडे गेल्या. बुंध्याचे आठ हात भिवराने बापाची नवी होडी लोटायला नेले. मधले नऊ तळ्याच्या काठावरच टेकवून ठेवले, ज्याला लागतील त्याच्यासाठी. शेंड्याचे चार हात राजाने ठेवून घेतले, आणि म्हातारपणी कंबर वाकली तेव्हा त्यातलेही अर्धे कापले. ते मात्र त्याच्या मापाला बरोबर पुरले.

इंदुलेखा गादीवर बसली त्या दिवशी प्रधान जुन्या सवयीने मापाची दोरी घेऊन पुढे आला. "महाराणी, राजदंड किती हातांचा करावा?"

"बारा अंगुळांची होते तेव्हा मी इंदुलेखाच होते ना?" तिने विचारले.

"होतात, महाराणी."

"मग दोरी भिवराकडे द्या. गळाला कामी येईल."

काठी पाण्यावर कापली, शापाची गाठ सुटली. खंड्याला त्याचे दोन मासे पोहोचले, आणि सांगणाऱ्याचे सांगणे इथे पुरे झाले.